निवासी शाळेचा अर्ज भरण्यापूर्वी

पावसाळा सुरू झाला की नवोदय विद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज निघतात, आणि दिवाळीच्या आगेमागे सैनिक शाळांचे. पाचवीत शिकणारे मूल ज्या घरात आहे, त्या घरात मग दुसरा विषय उरत नाही. माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातही त्या दिवसांत एक निराळी गर्दी असते. मूल आजारी नसते. परंतु परीक्षेपर्यंत ते आजारी पडू नये म्हणून टॉनिक हवे असते, आणि स्मरणशक्तीचे एखादे औषध असल्यास तेही हवे असते. (असे औषध नाही. हे दर वर्षी नव्याने सांगावे लागते.) पुढे निवड झाली, की तेच पालक एक छापील तक्ता घेऊन परत येतात. त्यात पूर्वीचे आजार, चालू औषधे, ॲलर्जी असे रकाने असतात आणि पुष्कळदा मी पेन उघडण्यापूर्वीच त्या सर्व रकान्यांत सुवाच्य अक्षरांत ‘नाही’ असे लिहिलेले असते. त्या ‘नाही’विषयी आपल्याशी सविस्तर बोलावे, असे गेली काही वर्षे मनात आहे.

ही स्पर्धा किती कठीण आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली सातारची सैनिक शाळा ही देशातील पहिली सैनिक शाळा. नवोदय योजनेचा आरंभ १९८५-८६ मध्ये ज्या दोन प्रायोगिक विद्यालयांनी झाला, त्यांपैकी एक अमरावती जिल्ह्यातले. तेव्हा या दोन्ही शाळांविषयी मराठी घरांत जी ओढ आहे, ती आजकालची नव्हे. नवोदयच्या सहावीत एका विद्यालयात अधिकाधिक ८० जागा. त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी. निवास, भोजन, गणवेश, पुस्तके मोफत. सहावीच्या या परीक्षेला मूल आयुष्यात एकदाच बसू शकते. ज्या घरात चार पिढ्यांत कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घराला ही एक जागा काय देऊ शकते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. असे दार किलकिले झालेले असताना एका रकान्यात खरे लिहून ते आपल्याच हाताने का लोटावे, असे पालकांना वाटले तर त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

तरीही एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नियमितपणे येणाऱ्या एका मुलाची एका निवासी शाळेत निवड झाली. मुलगा हुशार, बोलका. त्याला दमा होता. पण सकाळ-संध्याकाळच्या पंपाने तो इतका आटोक्यात होता, की वर्षभरात एकदाही त्रास झाला नव्हता. वडिलांनी आरोग्याचा तक्ता दुसऱ्या डॉक्टरांकडून भरून घेतला. मला ते कळले डिसेंबरात, जेव्हा त्या मुलाला जिल्हा रुग्णालयात दाखल केल्याचा निरोप आला. शाळेत जाताना त्याच्या पेटीत पंप ठेवलेला नव्हता. थंडी पडल्यावर रात्री त्याला धाप लागू लागली. तेव्हा खोलीतल्या मुलांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तो उठून न्हाणीघरात जाऊन बसत असे. तीन रात्री तो तसा बसला. चौथ्या रात्री पहारेकऱ्याला तो तिथे ओठ निळे पडलेल्या अवस्थेत सापडला. तो वाचला. दोन दिवसांनी मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने मला एकच वाक्य सांगितले, “बाबा म्हणाले होते, कुणाला सांगू नकोस.”

शाळेची यात काही चूक नव्हती. जे तिला ठाऊकच नव्हते, त्याची काळजी ती कशी घेणार?

निवासी शाळेच्या अर्जात सर्वांत महत्त्वाचे काय, असे आपण मला विचाराल तर माझे उत्तर गणित नाही, बुद्धिमत्ता चाचणी नाही आणि मुलाखतीचा सरावही नाही. आपल्या मुलाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते स्वतःशी मान्य करणे, आणि जे ठाऊक नाही ते अर्ज भरण्यापूर्वी जाणून घेणे, हे सर्वांत महत्त्वाचे. अर्ज भरण्यापूर्वी, कारण निवड झाल्यानंतर कोणत्याच घरात शांत डोक्याने विचार होत नाही.

परीक्षेचा भाग मी थोडक्यात आटोपतो. नवोदयची परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न आणि १०० गुणांची असते. निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीला, उरलेले अंकगणित आणि भाषेला. सैनिक शाळेच्या सहावीच्या परीक्षेत १२५ प्रश्न, ३०० गुण आणि अडीच तास. त्यांतील निम्मे गुण एकट्या गणिताला. दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. पाचवीचे गणित खरोखर समजलेल्या मुलाला जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत रोज तास-दीड तासाचा नियमित अभ्यास पुरेसा असतो. तो कमी पडतो असे समजून चौथीतल्या मुलाला पहाटे चारला उठवणारे आणि रात्री दहाला सोडणारे तयारीवर्ग आता तालुक्यातालुक्यांत निघाले आहेत. काही तर निवासी आहेत; म्हणजे अकराव्या वर्षी घर सोडता यावे म्हणून नवव्या वर्षीच घर सोडायचे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. दिवसा शिकलेले मनात पक्के बसण्याचे काम बऱ्याच अंशी त्या झोपेतच होते. झोप कापून मिळवलेला तास मुलाच्या खात्यावर जमा होत नाही, उलट खर्ची पडतो. डोळ्यांचेही तसेच. जी मुले रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळतात, त्यांच्यात लघुदृष्टीची सुरुवात कमी प्रमाणात होते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. ज्या शाळेच्या निवडीत डोळ्यांची तपासणी होणार आहे, तिच्या तयारीसाठी मुलाला दिवसभर ट्यूबलाइटखाली बसवणे हे मला आजतागायत उलगडलेले नाही.

आता त्या तपासणीविषयी. सैनिक शाळेत लेखी परीक्षेतून निवड झाल्यावर मुलांची वैद्यकीय तपासणी सैनिकी किंवा नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात होते. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याजोगे शरीर असावे, ही त्यामागील दृष्टी. दृष्टी, रंगज्ञान, ऐकू येणे, दात, गुडघे, तळपाय, छाती, पोट असे सर्व पाहिले जाते. यांतील काही गोष्टी सुधारण्याजोग्या असतात. कानातला मळ, किडलेले दात, रक्तक्षय, हर्निया, वृषण खाली न उतरणे या साऱ्यांवर उपचार आहेत. परंतु ते तपासणीच्या आदल्या आठवड्यात उरकता येत नाहीत. काही गोष्टी मात्र सुधारत नाहीत. तांबडा आणि हिरवा यांतील भेद नीट न कळणे हे जन्मजात असते, मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळते आणि त्यावर उपचार नाही. ठिपक्यांच्या चित्रांतून अंक ओळखण्याची त्याची चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. दोन वर्षे अभ्यास करून लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवलेला आणि या चाचणीत बाहेर पडलेला एक मुलगा मी पाहिला आहे. आपण नेमके काय चुकलो, असे तो आईला पुन्हा पुन्हा विचारत होता. ती पाच मिनिटे दोन वर्षांपूर्वी दिली असती, तर त्याने तोच अभ्यास नवोदयसाठी केला असता आणि स्वतःला नापास समजला नसता.

दम्यासारखा आजार सैनिकी शाळेच्या निवडीत आड येऊ शकतो. खरे सांगितल्यास जागा जाऊ शकते, हे मी लपवणार नाही. माझे मत असे, की जाऊ द्यावी. धूळ, थंडी आणि पहाटेची कवायत असलेल्या ठिकाणी औषध लपवून राहणे अकरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिणे योग्य नाही. सैनिकी नसलेल्या निवासी शाळांत, माझ्या अनुभवात, आटोक्यातल्या दम्यामुळे किंवा नियमित गोळ्यांवर असलेल्या अपस्मारामुळे प्रवेश नाकारला गेलेला मी क्वचितच पाहिला आहे. तिथे शाळेला हवी असते ती माहिती: कोणते औषध, किती वाजता, त्रास झाल्यास आधी काय करायचे. हे सारे एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून, त्याच्या दोन प्रती परिचारिका आणि गृहप्रमुख यांच्याकडे द्याव्यात. तिसरी प्रत मुलाच्या पेटीत असावी, आणि तिच्यातील मजकूर मुलाने आपल्यासमोर एकदा वाचून दाखवावा.

ज्याविषयी घरात कुणी बोलत नाही

आता ज्या विषयावर पालक दवाखान्यात आवाज खाली आणून बोलतात, त्याकडे वळतो. दहाव्या वर्षी शंभरांतील साधारण पाच मुलांना झोपेत अंथरूण ओले होण्याचा त्रास असतो. म्हणजे ज्या वयात आपण मुलाला चाळीस जणांच्या दालनात झोपायला पाठवतो, त्या वयात हा प्रश्न दुर्मिळ नाही. तो आळसाने किंवा हट्टाने होत नाही. बहुधा आईवडिलांपैकी एकाला लहानपणी तोच त्रास असतो. त्या मुलांची झोप गाढ असते आणि मूत्राशय भरल्याची जाणीव त्यांना जागे करू शकत नाही. पुष्कळदा मुळाशी जुनाट बद्धकोष्ठ असते आणि ते बरे केल्यावर अर्धा त्रास आपोआप जातो. ओलावा लागताच वाजणारे घंटेचे उपकरण काही महिने चिकाटीने वापरल्यास अनेक मुलांचा त्रास कायमचा थांबतो. थोड्या काळासाठी उपयोगी पडणारी औषधेही आहेत, ती अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने. या उपचाराला तीन-चार महिने लागतात. जूनमध्ये प्रवेश असेल आणि मे महिन्यात आपण आलात, तर मी फारसे काही करू शकत नाही. आदल्या दिवाळीत आलात, तर करू शकतो.

‘तिथे गेल्यावर शरमेने आपोआप सुटेल’ असे म्हणणारे एक आजोबा माझ्याकडे आले होते. शरमेने ते सुटत नाही. शरमेने मूल रात्री जागे राहू लागते, संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडते, आणि पहिल्या चाचणीत त्याचे गुण घसरले की घरी पत्र येते.

मुलींच्या बाबतीत दुसरी तयारी आवश्यक आहे. नवोदयमध्ये मुली आरंभापासून आहेत. सैनिक शाळांत २०१८ साली मिझोराममधील छिंगछिप येथे प्रायोगिक स्वरूपात त्यांना प्रवेश मिळाला आणि २०२१-२२ पासून तो सर्व सैनिक शाळांत खुला झाला. सहावीत प्रवेश घेणाऱ्या मुलींपैकी अनेकींची पहिली पाळी त्या शाळेतच, घरापासून दूर येणार आहे. मावशी किंवा मैत्रीण काय सांगेल यावर हे सोडू नये. पाळी म्हणजे काय, पॅड कसा वापरायचा व कुठे टाकायचा, पोटात दुखल्यास कुणाकडे जायचे, हे आईने प्रवेशापूर्वीच शांतपणे सांगावे, आणि पेटीत पहिल्या दिवसापासून एक पाकीट असावे. वडील जवळ बसले असतील तर उठून जाऊ नयेत, असे मी सुचवीन. याच सुमारास, दहाव्या वर्षीचे धनुर्वात व घटसर्प यांचे टीडी इंजेक्शन मुलगा-मुलगी दोघांचेही राहून गेलेले असते. ते घ्यावे, आणि एकत्र राहणाऱ्या मुलांसाठी विषमज्वर, कावीळ व कांजिण्या यांच्या लसींविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

घराची आठवण

घर सोडून राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला घराची आठवण येते. तो आजार नव्हे. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन या दोघांनी २००७ साली ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात याविषयी एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यातील दोन-तीन गोष्टी मी पालकांना नेहमी सांगतो. जाण्याच्या निर्णयात मुलाचा खराखुरा सहभाग असावा. जाण्यापूर्वी घराबाहेर राहण्याचा सराव व्हावा; सुट्टीत मामाकडे किंवा आत्याकडे चार-पाच दिवस, आईवडिलांवाचून, आणि शक्य तर रोजच्या फोनवाचून. ‘आवडले नाही तर लगेच घेऊन येऊ’ असा सौदा मात्र करू नये. तो दिलासा वाटतो. प्रत्यक्षात मूल पहिल्या दिवसापासून न आवडण्याचीच वाट पाहू लागते. त्याऐवजी पुढच्या भेटीची तारीख सांगावी आणि ती पाळावी. सणावाराला फोनवर ‘तुझ्यावाचून पुरणपोळी गोड लागेना’ असे म्हणणेही टाळावे. आपण हलके होतो, मूल जड होते.

काही मुलांसाठी मात्र हे वयच लवकरचे असते. इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना वसतिगृहात ठेवण्याची जुनी प्रथा आहे. जॉय शॅव्हेरियन या मनोविश्लेषक बाईंनी २०११ च्या सुमारास, लहान वयात घर तुटलेल्या आणि पुढे मोठेपणी उपचारांसाठी आलेल्या माणसांविषयी लिहिले. वरून खंबीर दिसणारी, पण जवळच्या माणसांपाशी मन मोकळे करू न शकणारी ही माणसे. त्यांच्या खोलीत आलेल्या माणसांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे बरोबर नाही. निवासी शाळेत फुललेली, तिथले मित्र जन्मभर जपलेली माणसे आपल्या सर्वांच्या परिचयात आहेत. पण रडणे बंद झाले म्हणजे मूल रमले, असे समजू नये, एवढे त्यातून घ्यावे.

मूल तयार नाही असे वाटल्यास थांबता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सैनिक शाळेत सहावीसाठी वय ३१ मार्च रोजी दहा ते बारा असावे लागते. पण नववीतही प्रवेश आहे, तेरा ते पंधरा या वयात, आणि ती परीक्षा इंग्रजीतून असते. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात प्रवेशच आठवीत होतो. नवोदयमध्ये नववीत रिक्त जागांसाठी परीक्षा होते. तीन वर्षांनी घर सोडणारे मूल तेच नसते. उलट, नवोदयच्या फॉर्मवर सही करताना हेही लक्षात घ्यावे, की तिथे नववीतील साधारण ३० टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील विद्यालयात पाठवली जातात. आपले मूल चौदाव्या वर्षी वर्षभर दुसऱ्या राज्यात असू शकेल. अनेकांच्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले वर्ष ठरते. परंतु ते आयत्या वेळी कळणे चांगले नव्हे.

आणि निवड झाली नाही तर? बहुतेकांची होत नाही. जागा आणि अर्ज यांचा हिशेबच तसा आहे. निकालाच्या दिवशी मूल निकालाकडे नव्हे, आपल्या चेहऱ्याकडे पाहत असते. परीक्षेच्या आधीच, एखाद्या निवांत संध्याकाळी, जून महिन्यात ते कोणत्या शाळेत जाणार आहे हे दोन्ही शक्यतांसह बोलून ठेवावे. गावातली शाळा ही शिक्षा म्हणून उच्चारली जाऊ नये.

ज्याच्याविषयी वर लिहिले, तो मुलगा पुढे तालुक्याच्या शाळेत शिकला. गेल्या महिन्यात त्याचे वडील आले ते धाकट्या मुलीला घेऊन. ती पाचवीत आहे. तिचा अर्ज भरायचा आहे. त्यांनी कोणताही कागद आणलेला नव्हता. “आधी सगळं तपासा, मग ठरवू,” एवढेच म्हणाले. मी डोळे, कान, दात पाहिले, वजन केले, मागच्या इंजेक्शनांचे कार्ड पाहिले. सारे ठीक होते. मग तिला विचारले, तुला काही विचारायचे आहे का? तिने थोडा वेळ वडिलांकडे पाहिले आणि म्हणाली, “तिथं रात्री दिवा चालू ठेवतात का?”

तिला अंधाराची भीती वाटते, हे त्यांना ठाऊक नव्हते. घरी ती आजीजवळ झोपते. त्या दिवशी उरलेला सारा वेळ आम्ही तिघे त्या दिव्याविषयीच बोललो.